अक्षर कुणाचं

६ जानेवारी २०२५, सोमवार

ही डायरी एका औषध कंपनीची. प्रत्येक पानाच्या तळाशी खोकल्याच्या औषधाची बाटली छापलेली आहे. दर वर्षी मिळते आणि दर वर्षी कोरीच रद्दीत जाते. आज पुष्कर म्हणाला, "सिस्टर, रोज चार ओळी तरी लिहा. मनात साचलं की माणूस थकतो." पुष्कर आमच्या हॉस्पिटलचा नवा क्वालिटी मॅनेजर. बत्तीस वर्षांचा आहे. माझे गुडघे थकलेत, त्याला डायरी काय करणार, पण मुलगा चांगला आहे म्हणून लिहिते आहे.

एकतीस वर्षं झाली मला परळच्या या ट्रस्टच्या हॉस्पिटलात. त्यातली एकोणीस तळघरात, निर्जंतुकीकरणाच्या खात्यात. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, कापडं वापरून झाली की आमच्याकडे येतात. आम्ही ती धुतो, गाठोडी बांधतो, वाफेच्या यंत्रात घालतो आणि वर पाठवतो. वरच्या लोकांना आम्ही दिसत नाही. एखादं गाठोडं कमी पडलं की मात्र सर्जनला आमचा नंबर पाठ असतो. ऑगस्टअखेर मी रिटायर होणार. आठ महिने राहिले, कसेबसे ढकलायचे.

मीटिंगचा विषय होता, कर्मचाऱ्यांनी बोललं पाहिजे. मार्चमध्ये बाहेरचे तपासणीवाले येणार आहेत आणि ते विचारणार आहेत की खालच्या माणसाला काही चुकीचं दिसलं तर तो वरच्याला सांगू शकतो का. पुष्करने पडद्यावर बरीच चित्रं दाखवली. मग प्रत्येक इनचार्जला विचारलं, तुमच्याकडे लोक बोलतात का? मी म्हटलं, माझं दार कायम उघडं असतं. कुणीही कधीही यावं. एकोणीस वर्षांत मी कुणावर आवाज चढवलेला नाही, हे मी कुठेही छातीवर हात ठेवून सांगेन.

९ जानेवारी, गुरुवार

आमच्याकडे यंत्रं दोन. एक नंबर नवीन, काचेच्या डोळ्याचं. दोन नंबर माझ्याबरोबरच या खात्यात आलेलं. त्याचं दार हल्ली जरा कुरकुर करतं. वाफ चढायला लागली की कडेने फुसफुस आवाज येतो. त्याची एक खुबी आहे. आवाज आला की उजव्या कोपराने दार दाबून धरायचं आणि चाक अर्धा वेढा अजून फिरवायचं. गप्प बसतं. ही खुबी मी शोधली आणि खात्यातल्या प्रत्येकाला शिकवली. जयवंत, आमचा मेकॅनिक, ऑक्टोबरात म्हणाला होता की दाराचं रबर बदलायला हवं, दोन-तीन दिवस यंत्र बंद ठेवावं लागेल. तीन दिवस बंद ठेवलं तर ऑपरेशनं कोण पुढे ढकलणार आणि बोलणी कोण खाणार? मी म्हटलं, तपासणी होऊन जाऊ दे.

प्राची ही खुबी सगळ्यांत छान शिकली. शांतामावशींची मुलगी ती. मावशी वीस वर्षं आमच्याकडे कापडं घडी करतात, लालबागहून चालत येतात. मुलीला त्यांनी टेक्निशियनचा कोर्स करायला लावला आणि मी तिला इथे चिकटवली. अजून कॉन्ट्रॅक्टवर आहे, मार्चअखेर पुन्हा सही होईल. तिचं अक्षर छापल्यासारखं. आमच्याकडे प्रत्येक गाठोड्यावर हाताने चिठ्ठी लिहायची पद्धत आहे, तारीख, यंत्र, बांधणाऱ्याची सही. रोज शंभरावर चिठ्ठ्या डोळ्यांखालून जातात. सही झाकली तरी मी सांगते गाठोडं कुणी बांधलं. परवा वरच्या मजल्यावरचा एक कागद दाखवून पुष्करने माझी परीक्षा घेतली. मी बरोबर सांगितलं तेव्हा त्याचं तोंड उघडंच राहिलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीचा मुहूर्त साधून खात्यात पेटी लावली. पेटी म्हणजे हातमोज्यांचा रिकामा खोका, वर चीर पाडलेली. त्यावर पुष्करने कागद चिकटवला, 'तिळगूळ घ्या, खरं बोला'. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची आणि दर सोमवारी इनचार्जने उघडायची. विनीतने लगेच मोबाइलवर फोटो काढला. तो हसवणारा मुलगा, कामाला वाघ. दर्शनाने हलवा वाटला.

शांतामावशी खोक्याकडे बघत म्हणाल्या, "खरा बोलान कोणाचा भला झाला हा, सिस्टर?"

सगळे हसले, मीही हसले. मावशींना असं काहीतरी बोलल्याशिवाय घास गिळत नाही.

२० जानेवारी, सोमवार

पेटीत चार चिठ्ठ्या. मला फार बरं वाटलं. पंखा घडीच्या टेबलावर येत नाही. ड्युटीचा तक्ता आदल्या दिवशी लागतो, आधी लागला तर घरचं ठरवता येईल. पिण्याचं पाणी दोन मजले वर आहे. चौथी, जेवायची सुट्टी वीस मिनिटांवरून तीस करा.

पंखा म्हणजे दर्शना, तिचा 'प' नेहमी पोट पुढे काढून उभा असतो. तक्ता विनीतचा. पाणी शांतामावशींचं, रात्रशाळेतलं गोल अक्षर. सुट्टीची पुन्हा विनीतचीच, फक्त पेन दुसरं.

कुणाचं मन मोडू नये म्हणून मी तासाभरात सगळ्यांकडे जाऊन आले. दर्शनाला म्हटलं, "अगं, पंख्यासाठी चिठ्ठी कशाला? मला सांगायचंस." ती एकदम लाल झाली आणि म्हणाली, "नाही सिस्टर, मी नाही." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पंखा तिच्याकडे वळवून दिला. विनीतला म्हटलं, दोन पेनं वापरून मला फसवतोस होय रे. तोही हसला. मावशींसाठी पाण्याचा जार खाली आणवला. एका दिवसात दोन कामं केली. पुष्करला सांगितलं तर म्हणाला, "ग्रेट, सिस्टर. पण ओळखलं असं त्यांना सांगायचं नसतं." मी म्हटलं, ओळख लपवून मी कशी वागू? घरच्यासारखी माणसं आहेत.

२७ जानेवारी, सोमवार

पेटी रिकामी. म्हणजे आता कुणाची तक्रार उरलेली नाही.

घरी हेमचंद्रांना हे सांगितलं. आमचे यजमान पोस्टातून रिटायर झाल्यापासून फणसवाडीच्या या दोन खोल्यांत वर्तमानपत्र वाचत असतात. ते "बरं" म्हणाले. ते सगळ्यालाच बरं म्हणतात, साधा माणूस आहे. ऑगस्टनंतर ही जागा भाड्याने देऊन बदलापूरला भावाच्या शेजारी राहायला जायचं मी ठरवलं आहे, तिथे लिफ्ट आहे. त्यालाही ते बरं म्हणाले होते. बत्तीस वर्षांत आमचं एकदाही भांडण झालेलं नाही. चाळीत कुणाला हे सांगितलं तर खरं वाटत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

पेटीत चॉकलेटचा कागद निघाला. पुष्करचा फोन, "सिस्टर, तुमच्या खात्यातून शून्य दिसतंय. आठवड्याला निदान पाच तरी हव्यात, तपासणीत विचारतात." बाकीच्या खात्यांत पाच-पाच, सहा-सहा निघतात म्हणे. मला लाज वाटली.

दुपारी सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं, कागद दिले आणि म्हटलं, लिहा बघू काहीतरी. माना खाली. शाळेत निबंध लिहायला बसवावं तसं. शेवटी विनीत म्हणाला, "सिस्टर, तुम्हीच सांगा ना काय लिहू." मी दोन-तीन विषय सुचवले. सहा चिठ्ठ्या झाल्या. पाचांत 'सर्व छान आहे' आणि एकीत 'सिस्टर खूप काळजी घेतात'. ती दर्शनाची. मी तिला म्हटलं, अगं हे कशाला, पण खोटं कशाला बोलू, वाचून बरं वाटलं.

सीमाची आठवण आली मधूनच. २०१९ मध्ये ती माझ्या खात्यात होती. माझ्याशी न बोलता थेट वर मेट्रनकडे गेली, तक्त्यात अन्याय होतो म्हणून. मी तिला एक शब्द बोलले नाही. कसलाच नाही, जवळजवळ दीड महिना. चूक तिची तिलाच कळली असावी, कारण नंतर तिने स्वतःहून बदली मागून घेतली. मी रागावणाऱ्यांतली नाहीच.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज पेटीत एक चिठ्ठी. वहीच्या कागदाचा तुकडा, निळं पेन. मजकूर असा:

'दोन नंबरचं दार नीट लागत नाही. रबर गेलं आहे. ते बंद ठेवा. कुणाला तरी भाजेल.'

अक्षर ओळखता आलं नाही.

असं गेल्या कित्येक वर्षांत झालेलं नाही. वेडंवाकडं, लहान मुलाने पाटीवर काढावं तसं. डोक्यावरच्या रेघा अक्षरांपासून सुटलेल्या, 'द' चं शेपूट भलतीकडे वळलेलं. मी चष्मा पुसून तीनदा पाहिलं. खात्यातल्या कुणाचंच नाही. म्हणजे कुणीतरी मुद्दाम अक्षर बदललं आहे. माझ्यापासून लपवायला? माझ्यापासून लपवण्यासारखं काय आहे? मी कुणाचं काय वाईट केलं आहे? दिवसभर डोक्यात तेच. डबा तसाच परत आणला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गाठोड्यांच्या जुन्या चिठ्ठ्या काढून ताडून पाहिल्या. जयवंतचा संशय येतो. तोच रबर-रबर करत होता, आणि मेकॅनिक लोकांना नवं यंत्र आलं की हायसं वाटतं. पण जयवंत गाठोडी बांधत नाही, त्याच्या अक्षराचा नमुना फक्त दुरुस्तीच्या वहीत आहे. तो जुळत नाही. विनीतने थट्टा केली असेल का?

संध्याकाळी चिठ्ठी हेमचंद्रांना दाखवली. पोस्टात चाळीस वर्षं पाकिटं वाचली आहेत, म्हटलं बघा तुम्हाला काही लागतं का. त्यांनी वाचली, परत दिली आणि म्हणाले, "दाराचं काय करणार आहेस?"

मी म्हटलं, "मी अक्षर विचारते आहे."

"बरं," म्हणाले आणि पेपर उघडला. यांना काही विचारण्यात अर्थ नसतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल मला युक्ती सुचली. लॉकरच्या नव्या किल्ल्या द्यायच्याच होत्या. मी सगळ्यांकडून एक कागद लिहून घेतला, 'दोन दिवसांत किल्ली नेईन. लॉकरचं दार बंद ठेवण्याची जबाबदारी माझी. दार उघडं राहिल्यास कुणाला तरी लागेल.' म्हणजे चिठ्ठीतले बरेचसे शब्द आले. पुष्करसुद्धा इतका विचार करणार नाही.

एकाचंही जुळलं नाही. विनीतचं घाईचं, दर्शनाचं पोटाळ, प्राचीचं नेहमीसारखं छापील. कागद देताना प्राची जरा घुटमळली.

"सिस्टर, पेटीत चिठ्ठी आली म्हणे?"

"आली. कुणीतरी खोडसाळपणा केलाय."

"पण दाराचं..."

"दाराचं मी बघते. तू तुझी लेबलं बघ. आज दोन पुसट गेलीत."

"हो सिस्टर," म्हणाली आणि गेली. पोरगी गुणी आहे. दुसरी कुणी असती तर लेबलांवरून वाद घातला असता.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पेटी रिकामी. जयवंतला गाठून सरळ विचारलं, चिठ्ठी तू टाकलीस का. तो हात पुसत म्हणाला, "मी कशाला टाकू? मी ऑक्टोबरमध्येच तोंडावर बोललोय ना तुम्हाला. तुम्ही बोललात चालतंय, तर चालतंय. आपल्याला काय." मग जरा थांबून म्हणाला, "पण सिस्टर, जो कोण आहे तो खोटं नाय बोलत."

मला त्याचा सूर आवडला नाही. सगळ्यांशीच बोलणं जरा कमी केलं आहे. कामापुरतं. ज्याचं त्याला आपोआप समजेल आणि येऊन सांगेल.

खात्यात फार शांत वाटतं. यंत्रांचा आवाज तेवढा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज सकाळी साडेदहाला दोन नंबरचं दार फुसफुसलं, प्राचीने कोपर लावून चाक फिरवलं आणि रबर कडेने फाटून बाहेर आलं. वाफ थेट तिच्या उजव्या हातावर. कोपरापासून बोटांपर्यंत.

ती ओरडली नाही. मी पाच पावलांवर लेबलं तपासत होते आणि ती ओरडली नाही. शांतामावशी ओरडल्या.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काल पुढे लिहिता आलं नाही. हात वाचेल असं डॉक्टर म्हणतात. बोटं पूर्ण वळतील की नाही ते दोन महिन्यांनी कळेल. त्वचा लावावी लागेल बहुतेक. चोवीस वर्षांची आहे.

मावशी तिच्या खाटेजवळ स्टुलावर बसल्या होत्या. मी गेले तर उठून मला स्टूल दिलं. वीस वर्षांची सवय. मी म्हटलं, मावशी, बसा हो तुम्ही. त्या बसल्या नाहीत. मीही बसले नाही. दोघी उभ्या राहिलो आणि मधलं स्टूल रिकामं होतं. त्यांनी मला काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

जयवंतने यंत्राची वायर काढून ठेवली आहे. त्याने मला विचारलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

अपघाताचा फॉर्म भरून घ्यायचा होता. पुष्कर म्हणाला तो पाठवतो कुणालातरी, पण मी म्हटलं मी जाते.

प्राची उशाला टेकून बसली होती, उजवा हात खांद्यापर्यंत पट्टीत. मी म्हटलं, तू सांग, मी लिहिते. ती म्हणाली, "नाही सिस्टर, मी लिहिते. डाव्या हाताने येतं मला थोडं." मावशींनी फॉर्मखाली ताट धरलं. तिने पेन घेतलं आणि लिहायला लागली, जीभ ओठांत धरून. पहिल्यांदाच डाव्या हाताने लिहिणाऱ्याची जी फरफट होते ती नव्हती. हळू, पण सरावाचं.

तिने लिहिलं, 'दोन नंबरचं दार माझ्याकडून नीट लागलं नाही. चूक माझी आहे.'

डोक्यावरच्या रेघा अक्षरांपासून सुटलेल्या. 'द' चं शेपूट भलतीकडे.

मी फॉर्म डोळ्यांजवळ नेला, तेव्हा ती म्हणाली, "वाचता येत नाहीये का, सिस्टर?"

मी म्हटलं, येतंय. मग विचारलं, "हे असं का लिहिलंस? चूक तुझी कुठे होती?"

ती मावशींकडे बघत म्हणाली, "मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट आहे ना. वाद नको. आई पण तिथेच आहे."

"आणि मला सांगितलं का नाहीस? माझ्या तोंडावर?"

यावर ती इतकी सहज बोलली की मला ते सहजपणच जास्त लागलं. "तुम्ही ओरडला असतात तर सांगितलं असतं. तुम्ही बोलायच्या बंद होता. आई म्हणाली, सीमाताईसारखं होईल."

मावशी खाली बघत ताट पुसत होत्या. ताट स्वच्छच होतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पुष्करने फॉर्म वाचला. "ह्यूमन एरर. मग तर सोपं आहे," म्हणाला. वाईट मनाने नाही, त्याला तपासणीची घाई आहे. अशा केसमध्ये कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवत नाहीत हे त्याने सांगितलं आणि मला ते ठाऊकही होतं. "तिला मदत म्हणून काहीतरी गोळा करू," म्हणाला.

चिठ्ठी या डायरीत आहे, दहा तारखेच्या पानात. ती मी दाखवली नाही तर चूक प्राचीची. दाखवली तर दहा दिवस ही बाई कागद खिशात घालून अक्षर शोधत फिरत होती असं होईल, आणि ते तसंच आहे. चौकशी होईल. ऑगस्टचा निरोपसमारंभ, शाल, नारळ, सगळं गेलं. मला त्या शालीची हौस आहे, ते इथे लिहायला हरकत नाही.

पुष्करसमोर मी अर्धा तास बसले होते आणि बोलले नाही. तोंडापर्यंत येऊन परत जात होतं. तो मुलगा माझ्या जवळजवळ निम्म्या वयाचा आहे आणि मला त्याची भीती वाटली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. सुट्टी घेतली. संध्याकाळी रताळ्याच्या फोडी परतता परतता मी थांबले आणि वहीचा एक कागद घेऊन डाव्या हाताने लिहून पाहिलं. 'दोन नंबरचं दार नीट लागत नाही.' एवढ्या एका ओळीला किती वेळ लागला ते घड्याळात पाहिलं. सात मिनिटं, आणि 'द' तर जमलाच नाही. तिने चार वाक्यं लिहिली होती. त्याआधी किती दिवस सराव केला असेल? कुठे बसून? लालबागच्या त्या एका खोलीत, मावशींनी बघू नये म्हणून कागद झाकत? का मावशींनीच ताट धरलं होतं तेव्हाही? एवढं सगळं मला एक साधी गोष्ट सांगण्यासाठी, जी जयवंतने आधीच सांगितली होती आणि दार तर रोज स्वतःच सांगत होतं.

रडायला आलं. रडले.

हेमचंद्र बाहेरून आले, माझ्याकडे आणि कागदाकडे पाहिलं. गॅस बंद केला. रताळं करपलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. सीमाचंही. ते ऐकत होते. मग मी विचारलं, "अहो, बदलापूरला जायचं तुम्हाला खरंच चालणार आहे ना?"

शेजारच्या मुकुंदकाकांची आरती संपेपर्यंत ते कढईतल्या फोडी ताटलीत काढत राहिले.

"मी लिहून दिलं तर चालेल का?" म्हणाले. "डाव्या हाताने?"

मला हसू आलं आणि त्यांनाही आलं, पण ते पुढे म्हणाले, "मला नाही जायचं, नलू. मी इथे जन्मलो. खाली उतरलं की चार माणसं हाक मारतात. मी तीन वर्षं तुला सांगायचं म्हणतोय."

तीन वर्षं. मी "बरं" म्हटलं. मग दोघांनी करपलेलं रताळं खाल्लं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी पाणी यायच्या आधी उठून निवेदन लिहिलं, उजव्या हाताने, पूर्ण नाव घालून. यंत्राचं रबर गेल्याचं मला ऑक्टोबरपासून ठाऊक होतं. कोपराने दाबायची रीत मी शिकवली. दहा फेब्रुवारीला लेखी सूचना मिळाली, ती मी दाबून ठेवली. प्राची दळवी हिची यात काहीही चूक नाही, तिने मी शिकवलं तसंच केलं. नलिनी रेडकर, इनचार्ज सिस्टर. चिठ्ठी टाचणीने लावली.

अकरा वाजता पुष्करच्या टेबलावर ठेवलं. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं, उठून केबिनचं दार लावून घेतलं.

"सिस्टर, हे द्यायलाच हवं का? फॉर्म आलाय तिचा, सही आहे. तुमचे सहा महिने राहिलेत."

"द्यायलाच हवं."

"तुम्हाला त्रास होईल."

"होऊ दे."

पुष्करने चिठ्ठी उजेडात धरली. उलटी केली, सुलटी केली. चष्मा वर सरकवून अगदी जवळ नेली.

"हे अक्षर कुणाचं आहे?" म्हणाला.

गेल्या अठरा दिवसांतली मी मला त्याच्यात दिसले. तसंच डोकं तिरकं, तसेच डोळे बारीक.

"ओळखता येत नाही," मी म्हटलं.

"तुम्हाला? अख्ख्या हॉस्पिटलचं अक्षर ओळखता तुम्ही."

"हे नाही ओळखता येत. अक्षर सोडा, पुष्कर. काय लिहिलंय ते वाचा."

तो खाली बसला आणि वाचायला लागला. मी समोरच उभी राहिले, त्याचं वाचून होईपर्यंत. गुडघे दुखत होते.